बोअरचा सौदा करण्यापूर्वी पायाखालचा खडक ओळखा

व्यापारी माणूस मालाचा नमुना पाहिल्याशिवाय विसार देत नाही. घरी बोअरची गाडी आली, की मात्र तोच माणूस डोळे झाकून पैसे मोजतो. ही चूक आम्हीही केली आहे. 90 फुटांवर ओल लागली होती. गाडीवाला म्हणाला, ‘‘आणखी खाली जाऊ, भरपूर पाणी लागेल.’’ आम्ही 350 फुटांपर्यंत गेलो. वर आली ती नुसती काळी भुकटी. बिल मात्र फुटाच्या हिशेबाने पुरते चुकवावे लागले. शेजारच्या जुन्या आडाला 40 फुटांवर पाणी होते; त्यात डोकावून पाहण्याचे आम्हाला सुचले नव्हते.

खडकाचा स्वभाव

महाराष्ट्राची पाचांपैकी चार हिस्से जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत, भोके असलेल्या मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. मांजऱ्या खडकाची भोके पांढऱ्या खड्यांनी बुजलेली असली, तर तेथेही पाणी कमीच. जसजसे खाली जावे तसतशा भेगा आवळत जातात. म्हणून ‘जितके खोल तितके पाणी’ हा समज आपल्या भागात बहुधा तोट्याचा ठरतो.

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, नहर बांधली. तिनेही जमिनीत झिरपलेले पाणीच गोळा करून उताराने शहरात आणले.

सौद्याच्या वेळी

आसपासच्या विहिरी व बोअर किती खोल आहेत आणि त्यांना उन्हाळ्यात पाणी राहते का, याची आधी चौकशी करावी. पाणाड्याच्या नारळावर विसंबण्यापेक्षा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारणे बरे. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानले आहे. त्यापुढे जाण्याआधी नियम समजून घ्यावेत.

फुटाचा दर, केसिंगचा दर, पाइपाची जाडी आणि कोठे थांबायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. एक रॉड टेपने मोजून किती रॉड उतरले ते स्वतः मोजावे. दर दहा फुटांवर वर येणारा चुरा वेगवेगळा ठेवावा. लाल माती आली, तर दोन थरांमधला सांधा लागला असे समजावे. ही माती ओली झाली की ढासळते, तेव्हा केसिंग कोठपर्यंत घालायचे याचा विचार तेथेच करावा. केसिंगमध्ये कंजूषी केली, तर पुढे मोटार अडकते. काम संपल्यावर दोरीला वजन बांधून खोली तपासावी आणि मगच बाकी रक्कम द्यावी.

चुरा सलग काळा, कोरडा येऊ लागला, तर गाडी थांबवण्याचे धाडस मालकानेच करावे. गाडीवाल्याची कमाई फुटावर असते, आपली गरज पाण्याची असते. हा फरक ध्यानात ठेवला असता, तर आमचे 260 फुटांचे पैसे वाचले असते.