झटपट पालेभाजी, दाण्यांच्या संगतीने

पालेभाजी म्हटली की मुले नाक मुरडतात आणि निवडायला वेळ नाही म्हणून गृहिणीही टाळाटाळ करते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तेव्हा ही टाळाटाळ परवडणारी नाही.

छत्तीसगढमध्ये भाज्यांची कमतरता मुळीच नाही. भिलाईत सुपेल्याच्या बाजारात लाल भाजी, चेच, चरोटा, करमत्ता अशा जुड्या मांडलेल्या दिसतात. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कामाच्या निमित्ताने देशभरातून कुटुंबे इथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच होती, त्यामुळे हा मुलूख आपल्याला तसा परका नाही.

यातली करमत्ता म्हणजे कोकणातली नाळीची भाजी. पाणथळ जागी वाढणारी, पोकळ देठांची. इंडोनेशिया, मलेशियात तिला कांगकुंग म्हणतात आणि तिथे ती मोठ्या आचेवर लसणासोबत दोन-तीन मिनिटांत परततात. हीच पद्धत वापरून आपणही जेवणात चटकन एक तोंडीलावणे वाढवू शकतो.

साहित्य (चौघांसाठी)

करमत्ता २ जुड्या (सुमारे ४०० ग्रॅम), शेंगदाणे अर्धी वाटी, लसूण ८-१० पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या २, तेल २ मोठे चमचे, सोया सॉस १ लहान चमचा, गूळ चिमूटभर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ चवीनुसार.

कृती

शेंगदाणे मंद आचेवर भाजून, साले काढून जाडसर कुटा. भाजी धुऊन, कपड्यावर पसरून कोरडी करा. ओली भाजी परतली जात नाही, शिजून लिबलिबीत होते. कोवळे देठ बोटभर लांबीचे चिरा, पाने वेगळी ठेवा.

लोखंडी कढईत तेल चांगले तापवा. ठेचलेला लसूण आणि मिरच्या टाका. लसूण गुलाबी होताच देठ घालून एक मिनिट परता, मग पाने घाला. पाने मऊ पडली की सोया सॉस, गूळ आणि मीठ घाला. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ बेतानेच घाला. आच बंद करून भाजी लगेच ताटलीत काढा, कढईत ठेवली तर काळी पडते. वरून लिंबू पिळा आणि दाण्यांचे कूट भुरभुरा.

हे लक्षात ठेवा

० करमत्ता तळ्यात, डबक्यातही वाढते. सांडपाण्याजवळची भाजी घेऊ नका. तीन-चार पाण्यांनी धुवा आणि कच्ची कधीही खाऊ नका. तिच्यावाटे जंत पोटात जाऊ शकतात.

० भाजी उकडून पाणी फेकले तर त्यासोबत जीवनसत्त्वेही जातात.

० लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी शोषले जाते. चहा तासाभराने घ्या.

० डब्यात द्यायची असेल तर दाणे वेगळ्या पुडीत द्या, म्हणजे कुरकुरीत राहतील.

० करमत्ता मिळाली नाही तर पालक किंवा लाल माठ घ्या. पालकाला आणखी कमी वेळ लागतो.

० सणासुदीला दाण्यांऐवजी भाजलेली चारोळी घाला. ती तर छत्तीसगढच्या जंगलातलीच. शेंगदाणे सोसत नसतील तर तीळ वापरा.

परतायला पाच मिनिटेही लागत नाहीत. वेळ जातो तो निवडण्यात. मग ते काम एकटीनेच का करायचे? संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या पतीच्या आणि मुलांच्या हाती एकेक जुडी द्या. स्वतः निवडलेली भाजी मुले आवडीने चाखून पाहतात. आणि हो, सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्यापेक्षा या वेळी आपला वाटा आधी काढून ठेवा. लोहाची गरज तुम्हालाच जास्त आहे.