दोन काटे एकदम खोटं बोलतात तेव्हा

जुन्या ब्रिटिश गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. पेट्रोलचा काटा फुलच्याही पुढे जातो, शेजारचा तापमानाचा काटाही लाल रेघेकडे सरकतो. घाबरून बॉनेट उघडावं तर इंजिन अगदी व्यवस्थित. मग दोन्ही मीटर बदलायची तयारी सुरू होते. जरा थांबा. दोन वेगळे मीटर, तेही एकाच दिवशी, एकाच दिशेने बिघडायचा योग फार दुर्मीळ. संशय घ्यायचा तो दोघांना वीज पुरवणाऱ्या सामाईक भागावर.

१९६० च्या दशकातल्या काही एमजीबी गाड्यांमध्ये हा भाग डॅशबोर्डमागे असतो: जेमतेम इंचभराचा पत्र्याचा डबा, व्होल्टेज स्टॅबिलायझर. (बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर वेगळा. दुकानात मागताना पुष्कळजण इथेच चुकतात.)

मीटरला असा वेगळा पुरवठा लागतोच कशाला? कारण हे मीटर उष्णतेवर चालतात. आत एक द्विधातू पट्टी, तिच्यावर बारीक तारेची कॉइल. टाकीतल्या फ्लोटला जोडलेल्या सेंडरच्या रोधानुसार कॉइलमधून कमी-जास्त प्रवाह जातो, पट्टी त्या प्रमाणात तापून वाकते आणि काटा ढकलते. चावी फिरवल्यावर काटा आळोखेपिळोखे देत वर येतो तो यामुळेच. हा आळस मुद्दाम हवा असतो. त्याआधीच्या दोन कॉइलच्या चुंबकीय मीटरांना व्होल्टेजची फिकीर नव्हती, पण वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं की काटाही नाचायचा. तापणाऱ्या मीटरचा काटा स्थिर राहतो, मात्र त्याची खोड वेगळी. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिन बंद असताना १२ व्होल्ट आणि चालू असताना १४, एवढ्याशा फरकाने उष्णता ३६ टक्क्यांनी वाढते. पेट्रोल तेवढंच, काटा मात्र वर.

यावर काढलेला तोडगा मला अजूनही थक्क करतो. डब्यातही एक द्विधातू पट्टी, तिच्यावरही कॉइल, आणि टोकाला एक पॉइंट. पॉइंट जुळलेला असताना बॅटरीचा पूर्ण दाब मीटरांना मिळतो आणि डब्यातली कॉइलही तापते. पट्टी वाकली की पॉइंट सुटतो, सगळं बंद. पट्टी निवली की पुन्हा जुळतो. घरच्या इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो ना, तोच प्रकार. १२ व्होल्टला पॉइंट सुमारे ६९ टक्के वेळ जुळलेला राहतो, १४ ला सुमारे ५१ टक्के. मीटरपर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही वेळा तेवढीच, सलग १० व्होल्ट दिल्यावर मिळाली असती तितकी. गंमत अशी, की मीटर ज्या वर्गाच्या नियमाने फसतो त्याच नियमाने डबा त्याला सावरतो. दोघांचाही हिशेब व्होल्टेजच्या सरासरीचा नाही, उष्णतेचा. आज पल्स-विड्थ मॉड्युलेशन म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते इथे एकाही ट्रान्झिस्टरशिवाय चाललेलं असतं.

या द्विधातू पट्टीचं श्रेय जातं जॉन हॅरिसनला. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी अचूक घड्याळ बनवणारा हा सुतार त्याच्या चौथ्या घड्याळामुळे, एच-४ मुळे, प्रसिद्ध आहे. तिसऱ्या घड्याळावर त्याने तब्बल १९ वर्षं घालवली आणि ते हवं तितकं अचूक चाललंच नाही. त्यामुळे त्या घड्याळाची गणना अपयशात होते. पण तापमान बदललं तरी घड्याळ मागे-पुढे होऊ नये म्हणून पोलाद आणि पितळ जोडून केलेली पट्टी त्याच घड्याळात पहिल्यांदा आली. शिवाय पिंजऱ्यात बसवलेलं रोलर बेअरिंगही. चाकांत बेअरिंग आणि डॅशबोर्डमागे द्विधातू पट्टी, म्हणजे एमजीबी काही अंशी हॅरिसनच्या 'फसलेल्या' घड्याळावरच धावते! आणि तिचे मीटर बनवणारी स्मिथ्स कंपनीही मुळात लंडनचे घड्याळवालेच.

आता तपासणी. एकच काटा चुकत असेल तर डब्याला दोष देऊ नका. त्या मीटरची तार, फ्लोट किंवा सेंडर बघा. दोन्ही काटे वर जात असतील तर आधी अर्थिंग. डब्याच्या कॉइलचा परतीचा मार्ग म्हणजे डब्याचा पत्रा आणि त्याचा स्क्रू. तिथे गंज किंवा रंग असला की कॉइल तापतच नाही, पॉइंट सुटतच नाही, आणि मीटरांना बॅटरीचा अखंड दाब जातो. स्क्रू काढून पॉलिश पेपरने जागा घासली की पुष्कळदा दुखणं तिथेच संपतं. त्यानंतर १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक डब्याच्या मीटरकडे जाणाऱ्या 'आय' टर्मिनलला, दुसरं बॉडीला, चावी ऑन. सुरुवातीला काही क्षण दिवा सलग लागेल, मग लुकलुकू लागेल. लुकलुकला तर डबा शाबूत. सलग जळत राहिला तर पॉइंट चिकटले आहेत किंवा अर्थ नाही. लागलाच नाही तर 'बी' टर्मिनलवर पुरवठा येतो का ते बघा. तिथे आहे आणि पुढे नाही, तर डबा गेला. डिजिटल मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, आकडे नुसते उड्या मारतात.

डबा बदलायचाच असेल तर आज सर्रास ७८१० ही तीन पायांची आयसी वापरतात. काहीजण ती जुन्या पत्र्याच्या डब्यातच बसवतात, बाहेरून काही कळत नाही. अमेरिकन फोर्ड मस्टँगचे मीटर ५ व्होल्टच्या हिशेबाचे, तिथे ७८०५. पण १४ वरून ५ वर आणताना ती बरीच तापते, तेव्हा उष्णता शोषणारा पत्रा हवाच. सुरुवातीच्या एमजीबीमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. जुन्या डब्याला त्याने फरक पडत नव्हता, आयसीला पडतो. अशा गाडीला ७९१० लागते, आणि तिची धातूची पाठ अर्थला नव्हे तर इनपुटला जोडलेली असते. ती थेट बॉडीवर आवळली की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

'सॉलिड स्टेट बसवा, मीटर अचूक होतील' ही जाहिरात मात्र फारशी मनावर घेऊ नका. काट्याच्या आळसात डब्याचे ठोके कधीच दिसत नव्हते. नव्या आयसीचा खरा फायदा म्हणजे पॉइंट जळत नाहीत आणि रेडिओतली खरखर जाते. दिवा लुकलुकत असेल तर जुना डबा राहू द्या. आणि काहीही झालं तरी मीटर चालतो का हे बघायला त्याला थेट बॅटरी लावू नका. आतली कॉइल जळाली, तर शंभर रुपयांच्या आतली आयसी सोडून अख्खा मीटर शोधत फिरावं लागेल.