टाऊन हॉलमधला पोसायडन

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये समुद्राचा ग्रीक देव मुक्कामाला आहे. पोसायडनची ही कांस्यमूर्ती वीतभरही उंच नाही, पण तिच्यासाठी वाकडी वाट करून इथे यावे अशी तिची हकिगत आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत रोमन जगातला माल कोकणच्या बंदरांत उतरत होता आणि घाट चढून देशावर येत होता. त्याच वाटेने हा देव पंचगंगेकाठी आला असणार.

तो सापडला कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडावर. तिथे मिळालेल्या प्राचीन वस्तूंकडे प्रा. कुंदणगारांचे लक्ष गेले आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. वरच्या थरांत बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या, खाली सातवाहन काळातल्या विटांच्या घरांचे पाये. एका टेकाडात दीड हजार वर्षांची वस्ती! या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते टाऊन हॉलमध्ये आले.

ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. मेजर चार्ल्स मँट हे तिचे वास्तुरचनाकार. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांच्याच आराखड्यांचे. टोकदार कमानी, उतरती छपरे आणि भोवती जुन्या झाडांची बाग. शहराच्या सभा-समारंभांसाठी बांधलेल्या या दगडी वास्तूत आता जुनी शिल्पे, नाणी, शस्त्रे आणि आबालाल रहिमान यांच्यासह कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे आहेत.

पोसायडनसारख्या व्यापाराच्या खुणा सभेच्या वास्तूत ठेवल्या गेल्या, हे फार शोभून दिसते. कारण पोसायडनच्या काळात महाराष्ट्रातला व्यापार व्यापारी-कारागिरांच्या श्रेणींच्या हाती होता, आणि श्रेणींचा कारभार चारचौघांत चाले. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले: २००० दरमहा १ टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला, असेही लेख सांगतो. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांची संघटना बँकेसारखी ठेव सांभाळत होती आणि तिच्यावर सभेची साक्ष होती!

पुणे जिल्ह्यातही असाच पुरावा आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरले आहे. बारामती तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकच्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. शिवनगरच्या माळेगाव सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा भरते तेव्हा सभासद उसाच्या दराचा आणि ताळेबंदाचा हिशेब व्यासपीठाकडे मागतातच. श्रेणी आणि सहकारी संस्था यांची घडण वेगळी, कायदे वेगळे. पण आपला पैसा कुठे गेला हे सगळ्यांसमोर विचारण्याची सवय इथल्या मातीत जुनी आहे.

बारामतीहून फलटण, सातारा, कऱ्हाड करत कोल्हापूर गाठणारे बहुतेक जण अंबाबाईचे दर्शन घेतात, रंकाळ्यावर जातात, नवा राजवाडा पाहतात आणि परततात. टाऊन हॉल सीपीआर रुग्णालयासमोरच आहे. तासभर राखून ठेवावा आणि आधी ब्रह्मपुरीच्याच वस्तू पाहाव्यात. तिथे सापडलेला, पाठीवर माणसे बसलेला छोटा कांस्य हत्ती तर मुळीच चुकवू नये. त्याची घडण अस्सल इथली आहे. पोसायडन पाहून झाला की तो पाहावा, म्हणजे परदेशी माल विकत घेणाऱ्या या गावचे कारागीर स्वतः काय घडवत होते हेही कळते.