प्रार्थना जमत नाही तेव्हा

मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. खाली नाव नव्हतं, आणि असतं तरी मी इथे सांगितलं नसतं. मजकूर थोडक्यात असा: लहानपणी घरातल्याच माणसानं फार छळलं. आता वय चाळिशीच्या पुढे. रोज रात्री प्रार्थनेला बसते, डोळे मिटले की तेच सगळं समोर येतं. देवाची स्तुती तोंडातून निघत नाही, राग निघतो. चर्चमधली माणसं सांगतात, क्षमा करून टाक, विसरून जा, विश्वास वाढव. शेवटी एकच प्रश्न: 'सर, माझा विश्वासच कमी आहे का?'

आज मी ख्रिस्ती प्रार्थनेच्या स्वरूपावर बोलणार होतो. टिपणं काढून आणली आहेत, सुरुवात ऑगस्टिनपासून आहे. ती बाजूला ठेवतो. या बाईंना देण्यासारखं काही नसेल, तर ऑगस्टिनवर तासभर बोलून काय उपयोग?

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना एक खोड असते. प्रश्न आला की आधी त्यातलं गृहीतक शोधायचं. इथे गृहीतक असं आहे की प्रार्थना शांत, कृतज्ञ मनानंच करायची असते. मन तसं नसेल तर आधी ते तसं करायचं आणि मग देवासमोर जायचं. पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो, पसारा पलंगाखाली सारतो, तसं. हे गृहीतक बायबलमधून आलेलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

बायबलमधलं प्रार्थनेचं पुस्तक म्हणजे स्तोत्रसंहिता. त्यात १५० स्तोत्रं आहेत. अभ्यासक ज्यांना विलापस्तोत्रं म्हणतात, ती त्यात साधारण एक तृतीयांश भरतात. म्हणजे उपासनेसाठी जे पुस्तक ज्यू आणि ख्रिस्ती लोकांनी हजारो वर्षं जपलं, त्यात रडणं आणि तक्रार हा केवढा मोठा भाग आहे बघा. १३ वं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं. त्यातल्या पहिल्या दोनच ओव्यांत माणूस देवाला चार वेळा विचारतो की हे आणखी किती दिवस चालणार. ८८ वं तर त्याहून पुढचं. इतर विलापस्तोत्रं बहुतेक वेळा शेवटाकडे वळण घेतात, भरवशाचे दोन शब्द येतात. हे वळतच नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच थांबतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना शेवटी आशेची एक ओळ जोडणं काय अवघड होतं? त्यांनी जोडली नाही.

आणि २२ वं. देवा, तू मला का सोडलंस, असं विचारत ते सुरू होतं. मत्तय आणि मार्क या दोन्ही शुभवर्तमानांत येशू क्रुसावर जे बोलतो, ते हेच. आता त्या वाक्याची ठेवण बघा. आरोप आहे, पण 'माझ्या देवा' असं म्हणून केलेला आहे. देवाबद्दल बोलणं वेगळं आणि देवाशी बोलणं वेगळं. ज्यानं संबंध तोडला तो तिसऱ्या माणसाकडे जाऊन तक्रार करतो. विलाप करणारा अजून त्याच दारात उभा राहून भांडतो आहे. मग त्याला अविश्वासू कसं म्हणायचं?

खरं तर मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी किती भांडले आहेत! रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही, अभंग सोडला नाही. आपल्या चर्चमध्ये मात्र पुढे कधीतरी ही भांडणाची भाषा कमी झाली आणि इस्त्री केलेली प्रार्थना वाढली. असो.

आता एलीयाकडे येतो, कारण त्या चिठ्ठीच्या सगळ्यात जवळ मला तोच वाटतो. राजे या पुस्तकाच्या पहिल्या भागात, १९ व्या अध्यायात ही हकिकत आहे. हा मोठा संदेष्टा. नुकताच कर्मेल डोंगरावर जिंकलेला. आणि राणी ईजबेलचा जिवे मारण्याचा निरोप आला तसा पळत सुटतो. चाकराला वाटेत ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट रानात चालत जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. ही त्याची प्रार्थना. मग तो झोपतो.

देवदूत येतो. काय सांगतो? विश्वास वाढव म्हणत नाही. काल एवढा विजय मिळाला, कृतज्ञ राहा, असंही नाही. उठ आणि खा, एवढंच. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलेलं आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो! त्यावरही रागावणं नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो आणि म्हणतो की पुढची वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. मरण मागणाऱ्या माणसाला देवाकडून पहिलं उत्तर मिळालं ते झोप आणि भाकर. म्हणून मी स्पष्ट सांगतो: ज्यांची झोप उडाली आहे, जीव नकोसा वाटतो आहे, त्यांनी डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे जरूर जावं. त्यात विश्वासाला काही कमीपणा नाही. आज भाकर त्या हातांनीही येते.

पुढे होरेब डोंगरावर देव त्याला विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया आपलं गाऱ्हाणं सांगतो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी तो हलका, शांत आवाज. प्रवचनांत आपण इथेच थांबतो, कारण ते सुंदर आहे. पण पुढे वाचा. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच गाऱ्हाणं, जवळजवळ शब्दशः, पुन्हा सांगतो. एवढा अनुभव येऊनही गाऱ्हाणं बदललेलं नाही! आणि देव 'हे तू मघाशीच सांगितलंस' असं म्हणत नाही. ऐकून घेतो. मग त्याला पुढचं काम देतो, सोबतीला अलीशा देतो, आणि तू एकटा नाहीस, सात हजार आहेत, हे सांगतो. ज्यांना प्रार्थनेत तीच जुनी जखम पुन्हा पुन्हा आठवते आणि त्याची लाज वाटते, त्यांच्यासाठी हे 'पुन्हा' फार महत्त्वाचं आहे. गेथशेमाने बागेत येशूनंही तेच मागणं तीनदा केलं.

आता क्षमा. हा विषय नाजूक आहे आणि माझं मत थोडं कडक आहे. दुखावलेल्या माणसाला 'विसरून जा' म्हणणारा बऱ्याचदा स्वतःची सोय बघत असतो. त्याला ते दुःख ऐकायचं नसतं. उत्पत्तीमधला योसेफ घ्या. भावांनी विकला तेव्हा १७ वर्षांचा. फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३०. त्यानंतर सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन गेल्यावर तो भावांना ओळख देतो. हिशेब केला तर साधारण २२ वर्षं झाली. त्याआधी तो त्यांना पारखतो, मधेच उठून आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन परत येतो. आणि शेवटी क्षमा करतानासुद्धा तुमचा हेतू वाईट होता, हे तो तोंडावर सांगतो. झालं ते झालंच नाही असं म्हणणं ही क्षमा नव्हे. सूड घेण्याचा हक्क आपण देवाच्या हाती देतो, ती क्षमा. छळणाऱ्याच्या घरी पुन्हा जायलाच हवं, किंवा गुन्हा असेल तर गप्प बसावं, असं त्यातून निघत नाही. आणि पुनरुत्थान झालेल्या येशूच्या अंगावरचे व्रणही गेले नव्हते. थोमाला त्यानं तेच दाखवले.

जवळचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. जन्म १८५८. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा; मांडीवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिज इथे बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, आता शांती मिळाली. तसं झालं नाही. ज्यांनी आसरा दिला त्या जोगिणींशी रमाबाईंनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले: त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी. पुढे त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत स्वच्छ सांगितलं की बाप्तिस्म्यानं त्यांना धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला. आठ वर्षं! त्याच काळात, १८८९ साली, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आतून चाचपडत असताना त्या विधवांना घर देत होत्या. त्यांचे प्रश्न हीच त्या वर्षांतली त्यांची प्रार्थना होती, असं मला वाटतं. हे माझं वाचन. तुम्ही वेगळं वाचू शकता. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या.

ताई, तुम्ही आज इथे आहात की नाही मला माहीत नाही. कदाचित घरी ऐकत असाल. तुमचा विश्वास कमी आहे का, असं विचारलंत. रोज रात्री बसता, राग येतो हे माहीत असूनही बसता. मी तुम्हाला विश्वास वाढवायला सांगणार नाही. आज रात्री स्तुती करण्याची सक्ती स्वतःवर करू नका. ८८ वं स्तोत्र काढा, मोठ्यानं वाचा, आणि ते जिथे थांबतं तिथेच थांबा. शेवटी गोड काही जोडू नका. राग आला तर तो कुणावर आहे ते नाव घेऊन देवाला सांगा. उद्या तेच पुन्हा सांगावंसं वाटलं तर पुन्हा सांगा. आणि एखादं माणूस शोधा, जे मधे न बोलता ऐकेल. मग जेवून झोपा.

ऑगस्टिन पुढच्या महिन्यात घेऊ. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. चिठ्ठी दिलीत तरी चालेल.