भाकरी ज्वारीची, पण परात कशाची?

मैत्रिणींनो, 'पोळी खाल्ली की आमच्या मुलीचं पोट बिघडतं' असं कुणी सांगितलं, की आपण पटकन म्हणतो, 'नखरे, दुसरं काय!' पण सीलिअ‍ॅक नावाचा आजार खरा आहे. गहू आणि जवातलं ग्लुटेन हे प्रथिन अशा माणसाच्या आतड्याच्या अस्तराला इजा करतं. मग अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, मुलांची वाढ खुंटते. जन्मभर ग्लुटेन टाळणं हाच त्यावर उपाय. मात्र शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या, नाहीतर निदान हुकू शकतं.

घरात हे सांभाळता येतं. अडतं ते बाहेर. दवाखान्यासाठी, खरेदीसाठी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला गेलं, की दुपारी जेवायचं कुठं? नव्या सुनेला तर चारचौघांत हे सांगायचीही चोरी! ती मुकाट्याने पोळी खाते आणि रात्रभर तळमळते.

आपल्या मराठवाड्याचं नशीब चांगलं. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, भगर, साबुदाणा यांत मुळात ग्लुटेन नाही. त्यातही झाडाखाली टेबलं मांडलेली, बाहेरच चूल पेटलेली खानावळ मिळाली तर उत्तम. भाकरी आपल्या डोळ्यांसमोर थापली जाते. पण मोकळ्यावर बसलो म्हणजे झालं, असं नाही. कणीक मळलेल्या परातीतच भाकरी थापली, पोळीच्या तव्यावरच भाजली, तर तेवढं पीठसुद्धा बाधतं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी मालकांना स्पष्ट विचारा. भाकरीच्या पिठात गहू मिसळता का? परात, तवा वेगळा आहे का? रश्श्याला मैदा लावता का? तळणीचं तेल पुऱ्या-समोशांचंच आहे का? आणि हिंग कोणता? बाजारच्या बऱ्याच हिंगपुडीत गव्हाचं पीठ असतं! गर्दीच्या आधी गेलात तर उत्तरंही नीट मिळतात. 'काही होत नाही हो ताई' एवढंच ऐकू आलं, तर सरळ उठा. पिशवीत घरची भाकरी-चटणी, केळी असू द्या. पाकीटबंद पदार्थावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं, तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. तेव्हा पाकीट वाचूनच घ्या.

हिवाळ्यात शेतावरच्या हुरड्यालाही अशा मुलीला जरूर न्या. आरावर भाजलेली कोवळी ज्वारी, गूळ, घरची चटणी! तिथं ती सगळ्यांच्या बरोबरीनं खाते.

लग्नाच्या पंगतीतही आचाऱ्याला आधी सांगून तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात भात, वेगळ्या तव्यावर भाकरी करून घेता येते. एवढं केलं तर 'ही का जेवत नाही?' असं विचारायची वेळच कुणावर येणार नाही.