रहीम मास्तरांनी दिलेले सायकलचे भाडे

संध्याकाळी नागसेनवनाच्या बाजूने जावे, तर पोरे चेंडूमागे पळताना दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. घरी पाऊल टाकताच पहिला प्रश्न, "पुस्तक कधी उघडणार?" पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईबापांना तो पडणारच. म्हणून आज आम्ही एका मास्तरांची हकिगत सांगतो.

१९५६ पर्यंत आपले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद राज्यात होते. मनमाडहून इकडून काचीगुड्याला जाणारी मीटरगेजची गाडी जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम काही काळ शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि स्वतः फुटबॉल खेळलेले. १९५० साली ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले.

१९५० हे साल आपल्याला दुसऱ्या कारणानेही जवळचे आहे. त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. इकडे मराठवाड्यातला गरीब मुलगा कॉलेजची पायरी चढू लागला, आणि तिकडे त्याच राज्याच्या पोलिसांचा संघ मुंबईत रोव्हर्स कप जिंकू लागला. एकदा नव्हे, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे!

रहीमसाहेबांची शिकवण साधी होती. ज्या पायाने चेंडू नीट मारता येत नाही, त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा ते भरवत. उणीव झाकायची नाही, घोटून घोटून घालवायची.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. सरावासाठी हैदराबादला यायचे, तर खिशात पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीसाठी पैसे दिले. एवढ्याशा पैशांत काय होते, असे कुणी म्हणेल. तोच मुलगा १९५६ मध्ये रहीमसाहेबांच्याच भारतीय संघातून मेलबर्न ऑलिम्पिकला गेला. तिथे आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये बलरामने बलाढ्य हंगेरीवर गोल चढवला. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने सुवर्णपदक घेतले. तेव्हा रहीमसाहेबांना कॅन्सरने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. बलरामचे निधन २०२३ मध्ये झाले.

पोरांनी पुस्तक बाजूला ठेवावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रहीमसाहेब स्वतः शिकलेले होते, म्हणूनच शिकवू शकले. पण अभ्यास करून मैदानावर जाणाऱ्या पोराला अडवू नका. आपल्या वस्तीत नोकरीला लागलेली कितीतरी माणसे आहेत. त्यांतल्या एकाने एका पोराला बुटांचा जोड घेऊन द्यावा, एकाने गाडीभाडे द्यावे. हैदराबादच्या एका मास्तराला जे पगारात जमले, ते आपल्यालाही जमेल.