खोलीतील विमान आणि आकाशातील विमान

आपले पलसाणा हे दोन हमरस्त्यांच्या चौफुलीवरचे गाव. एक रस्ता मुंबईहून अहमदाबादेस जातो, दुसरा सुरतेहून धुळ्याकडे. ज्वारी, तूर, हरभरा यांनी भरलेले ट्रक खानदेशातून याच वाटेने उतरतात आणि त्यांच्यामागोमाग मराठी बोलणारी माणसेही येतात. अलीकडे तिसरी वाट डोक्यावरून जाऊ लागली आहे. मगदल्ल्याजवळील सुरतेच्या विमानतळास डिसेंबर २०२३ मध्ये नवी इमारत व आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आपल्या मुलांस आता विमान हे नवलाचे राहिलेले नाही. एकदा वर पाहिले की ती पुन्हा आपल्या खेळाकडे वळतात. परंतु काही मुले अशी असतात की ती वळत नाहीत. विमान कोणत्या कंपनीचे, कोणत्या बनावटीचे, कोठून आले, किती मिनिटे उशिरा आले, हे सारे त्यांस मुखोद्गत असते, आणि त्याखेरीज दुसऱ्या विषयावर बोलावयास ती सहसा तयार नसतात. अशा मुलांपैकी काहींस वैद्यकशास्त्र 'स्वमग्न' म्हणते. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे कारण असे की आपल्या व्यापारी कुटुंबांतही अशी मुले आहेत आणि त्यांच्याविषयी आपण फार कुजबुजत बोलतो.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील डॉ. हान्स आस्पर्गर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. नजरेस नजर न देणे, बोलण्याचा सरळ अर्थ तेवढा घेणे व आडून बोललेले न उमगणे, नित्यक्रमात बदल झाला की व्याकूळ होणे, मोठा आवाज किंवा झगझगीत दिवा सहन न होणे, आणि एखाद्या विषयाचा विलक्षण ध्यास घेणे, ही त्याची सामान्य लक्षणे होत. कोणास बोलताच येत नाही, तर कोणी गणितात शिक्षकासही मागे टाकतो. म्हणून एका मुलावरून दुसऱ्याची परीक्षा करणे व्यर्थ आहे. एकाच शेतातला गहू दोन पोत्यांत निराळा निघतो, हे आपणांस मी सांगावयास नको.

आमच्या मंडळींपैकी एका कुटुंबात असा एक मुलगा आहे. त्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. वय अठरा वर्षे. चौथ्या वर्षापर्यंत तो बोलत नव्हता. नंतर एकदम पूर्ण वाक्ये बोलू लागला. त्याच्या खोलीत संगणक आहे, त्यास विमानाचे सुकाणू व पायांनी दाबावयाच्या पट्ट्या जोडल्या आहेत, आणि समोरच्या पडद्यावर सुरतेची धावपट्टी जशीच्या तशी दिसते. तेथून तो दिल्लीस जातो. प्रत्यक्ष विमानास जितका वेळ लागतो तितकाच वेळ घेतो; मध्ये जेवणाचे ताट आले तर उतरल्यावाचून त्यास हात लावीत नाही. मी एकदा त्यास विचारले, "अरे, एवढ्या उंचावर तुला भीती नाही का वाटत?" तो म्हणाला, "काका, मी खोलीत बसलो आहे. खोलीत कसली भीती?" त्याच्या आजी हसल्या, तो मात्र हसला नाही. प्रश्न चुकीचा होता आणि उत्तर बरोबर होते, एवढाच त्याचा हिशेब. त्यास वैमानिक व्हावयाचे आहे आणि ही गोष्ट तो वयाच्या नवव्या वर्षापासून एकाच वाक्यात सांगत आला आहे.

या खेळास केवळ पोरखेळ समजण्याचे कारण नाही. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या वडिलांचा ऑर्गन व आपोआप वाजणारे पियानो बनविण्याचा कारखाना होता. उडावयास शिकण्याचा खर्च परवडेना, म्हणून या मुलाने वडिलांच्या कारखान्यातील भाते व हवेच्या नळ्या वापरून १९२९ च्या सुमारास एक ठेंगणे लाकडी विमान तयार केले. ते जमिनीवरच राही, परंतु सुकाणू हलविले की खऱ्या विमानासारखे झुके. प्रथम त्यास गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या करमणुकीचे! पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले आणि धुके, बर्फ व अंधार यांत थोड्याच आठवड्यांत सुमारे डझनभर वैमानिक दगावले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे दरेकी साडेतीन हजार डॉलर देऊन घेतली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच लाख वैमानिकांनी या यंत्रावर हात बसविला. जत्रेतला माल सैन्यास विकला गेला, याचे व्यापारी म्हणून मला मोठे कौतुक वाटते.

घरच्या संगणकावरचे विमान हे त्याचेच वंशज. ब्रूस आर्टविक यांनी ते १९७९ साली प्रथम बाजारात आणले. १९८२ पासून ते मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या नावाने विकले जाऊ लागले. २०२० सालच्या आवृत्तीत जगातील सुमारे सदतीस हजार विमानतळ आहेत आणि उपग्रहांच्या छायाचित्रांवरून रचलेली जमीन आहे. शिवाय 'व्हॅटसिम' नावाची एक संस्था २००१ पासून चालू आहे. तीत जगभरचे हौशी लोक विमानतळावरील नियंत्रकाचे काम स्वखुशीने करतात आणि खोलीत बसलेल्या वैमानिकाशी रेडिओच्या ठरीव भाषेत बोलतात. जो मुलगा पाहुण्यांस नमस्कार करण्यासही बाहेर येत नाही, तो या भाषेत परक्या माणसाशी तासभर न अडखळता बोलतो. कारण उघड आहे. तेथे कोणी गोलगोल बोलत नाही. प्रत्येक वाक्यास एकच अर्थ आणि ऐकलेले परत म्हणून दाखविण्याचा दंडक.

ही भाषा अशी काटेकोर का झाली, हेही जाणण्यासारखे आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणाची परवानगी मिळाली अशी एका वैमानिकाची समजूत झाली. ती मिळालेली नव्हती. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा, अन्यत्र नाही, असा नियम झाला. शब्दाचा सरळ अर्थ घेणारा मुलगा या नियमास बाधक नाही, उलट अनुकूल आहे, असे मला वाटते. परंतु त्याच अपघातापासून दुसराही धडा घेतला गेला. शेजारचा सहकारी दबकत काही सुचवीत असेल तर ते ओळखणे आणि वरिष्ठ चुकत असेल तर त्यास स्पष्ट टोकणे, याचेही शिक्षण तेव्हापासून वैमानिकांस दिले जाते. टोकण्यात आमचा मुलगा कमी पडणार नाही. दबकी सूचना ओळखणे त्यास जड जाईल, हे मात्र नाकबूल करता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. अशा मुलास परवाना मिळतो काय? आपल्या देशात व्यावसायिक वैमानिक होण्यास वय अठरा पूर्ण, बारावीस भौतिकशास्त्र व गणित, दोनशे तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. खोलीतले हजार तास त्या दोनशेत धरले जात नाहीत. मान्यताप्राप्त यंत्रावरचे काही तास तेवढे ठरावीक मर्यादेत धरतात. लेखी परीक्षांची मला या मुलाबाबत चिंता नाही. अडचण आहे ती वैद्यकीय प्रमाणपत्राची. सर्व देशांच्या नियमांचा पाया असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत ज्या मानसिक आजारांची यादी आहे, तीत मानसिक विकासातील दोष हेही एक कलम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात स्वमग्नता याच सदरात मोडत असे. येथवर वाचून पुष्कळ आईबाप कागद मिटतात. तसे करू नये, कारण कलम तेथे संपत नाही. त्या दोषामुळे उमेदवार आपले काम सुरक्षितपणे करण्यास असमर्थ ठरण्याचा संभव असेल तर तो अपात्र, असे ते पुढे म्हणते. म्हणजे निदानाचा शब्द नव्हे, तर त्या मुलाची प्रत्यक्ष स्थिती तपासावयाची आहे. अमेरिकेतही निदान झालेल्या उमेदवाराचे कागद वरच्या कचेरीकडे जातात व मानसशास्त्रीय तपासणी मागितली जाते. दार बंद नाही. पण अरुंद आहे, आणि पुष्कळांस त्यातून जाता येणार नाही, हेही तितकेच खरे.

येथे आपल्या समाजातील एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. सोयरिकीच्या भीतीने आपण मुलाचे निदान लपवितो. तीच युक्ती वैद्यकीय अर्जात करावी, पूर्वीच्या तपासण्यांचा रकाना कोरा सोडावा, असा सल्ला देणारे शहाणे लोक भेटतात. या मुलाच्या वडिलांसही असा एक भेटला होता. अर्जाखाली उमेदवाराची स्वतःची सही असते, आणि खोटे उघडकीस आले तर मिळालेला परवानाही जातो. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम डोंगरावर आदळले. त्याच्यासह दीडशे माणसे गेली. आपला मानसिक आजार त्याने कंपनीपासून लपविला होता. तो आजार स्वमग्नतेचा नव्हता आणि या दोहोंची सांगड घालणे अन्यायाचे होईल. परंतु अधिकारी लपवाछपवीस एवढे का भितात, हे त्यावरून ध्यानात येते. शिवाय आमच्या मुलास खोटे लिहावयास सांगून पाहा! तो तपासणीच्या टेबलावरच डॉक्टरांस सांगेल की हा रकाना वडिलांनी कोरा ठेवावयास सांगितला.

पैशाचा विचारही आपण व्यापाऱ्यांनी करावा. व्यावसायिक परवान्याच्या शिक्षणास चाळीस-पन्नास लाख रुपये, क्वचित त्याहूनही अधिक लागतात. बारामती, गोंदिया, धुळे, इकडे मेहसाणा येथे शिकविण्याच्या संस्था आहेत. प्रवेशाची रक्कम भरावयाची, मग तपासणी करावयाची, हा उलटा व्यवहार होय. नमुना पाहिल्यावाचून आपण वॅगनभर माल घेत नाही. आधी दुसऱ्या वर्गाची तपासणी, मग पहिल्या वर्गाची, आणि दोन्हींचा कागद हाती आल्यावर रक्कम. प्रतिकूल निकाल आला तर फेरतपासणी मागण्याची सोय आहे. पहिल्या वर्गात न बसणारा मुलगा दुसऱ्या वर्गात बसला, तर त्यास खासगी परवाना घेता येतो. त्यास वय सतरा व चाळीस तासांचे उड्डाण लागते. त्यावर पगार मिळत नाही, परंतु आकाश मिळते.

कॅनर यांनी वर्णिलेल्या अकरा मुलांपैकी पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. वयाच्या तिसऱ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यास घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. वर्षभराने आईबापांनी सल्ला बाजूस सारून त्यास परत आणले. तो पदवीधर झाला आणि आजोळच्या बँकेत साठांहून अधिक वर्षे काम करीत राहिला. सत्ताविसाव्या वर्षी तो मोटार चालवावयास शिकला, छत्तिसाव्या वर्षापासून एकटा देशोदेशी हिंडू लागला. जून २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. सत्ताविसावे वर्ष हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. आपल्याकडे मुलगा एकविसाव्या वर्षी गादीवर बसला नाही तर घरात काळजीचे सूर लागतात. या मुलांचे घड्याळ सावकाश चालते, पण ते बंद नसते. मुंबईची जिया राय ही स्वमग्न मुलगी २०२२ साली श्रीलंका व भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी पोहून आली. ती नौदलातील एका कर्मचाऱ्याची कन्या.

वैमानिकाचा मार्ग न साधला तर विमानाभोवतीची कामे थोडी नाहीत. विमानांची दुरुस्ती व तपासणी करणाऱ्या अभियंत्याचाही निराळा परवाना असतो. त्या कामात प्रत्येक खिळ्याची नोंद ठेवणारा माणूस हवा असतो. उड्डाणाचा आराखडा, वजनाचा तोल व इंधन यांचा हिशेब करणारे कर्मचारी असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अठरा वर्षांवरील, दहावी उत्तीर्ण व मान्य संस्थेत शिकलेल्या व्यक्तीस ड्रोन चालविण्याचे प्रमाणपत्र मिळते; शेतावर औषध फवारण्यास ड्रोन आता आपल्या तालुक्यांतही येऊ लागले आहेत. हा पर्याय मी त्या मुलापुढे मांडला. तो म्हणाला, "त्यात मी बसू शकत नाही." या उत्तरावर मला काही बोलता आले नाही.

२०१६ च्या कायद्याने स्वमग्नता ही एकवीस अपंगत्वांपैकी एक मानली आहे. सरकारी दवाखान्यातून तिचा दाखला मिळतो, आणि शिक्षण व नोकरीतील राखीव जागांस त्याचा उपयोग होतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांवरील ज्यांस गरज असेल त्यांच्यासाठी पालक नेमता येतो, आणि त्याच न्यासाची 'निरामय' ही विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा औषधोपचार सोसते. पालक नेमण्याची घाई मात्र ज्यास स्वतः सही करावयाची आहे अशा मुलाच्या बाबतीत करू नये. वैमानिकाच्या अर्जावर त्याची स्वतःचीच सही लागते.

आमच्या मुलाच्या दुसऱ्या वर्गाच्या तपासणीची तयारी चालू आहे. चौथ्या वर्षापासूनचे सर्व कागद एका फाइलीत लावले जात आहेत. वडील अजून एकदोन पाने काढून ठेवावीत अशा विचारात असतात, आणि मुलगा प्रत्येक पानावर तारखेप्रमाणे क्रमांक घालीत बसला आहे.